वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरे : फी नसलेली फाइल

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका गावची. बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजातून पदवी घेतली, सहा वर्षे बेळगावच्या न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली दिवाणी दावे चालवले आणि गेली पाच वर्षे बंगळुरूतील एका मोठ्या लॉ फर्ममध्ये आहे. फर्मचे पार्टनर आता विनामोबदला कामाचा, म्हणजे ज्याला सगळे ‘प्रो बोनो’ म्हणतात त्याचा, स्वतंत्र विभाग काढत आहेत आणि त्याची प्रमुख म्हणून पूर्ण वेळ काम कराल का, असे त्यांनी मला विचारले आहे. मनात ओढ आहे, पण धीर होत नाही. एकदा त्या बाजूला गेलात की पार्टनर होण्याची वाट संपली, असे सहकारी सांगतात. घरी विषय काढला तर काका म्हणाले, ‘‘एवढं शिकून आता फुकटची कामं करणार व्हय तू?’’ शिवाय बंगळुरूत बसून आपल्या सीमाभागातल्या माणसांच्या उपयोगी पडता येईल का, हाही प्रश्न आहेच. आपण हे काम केलेले आहे, म्हणून लिहीत आहे.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, आधी काकांचा प्रश्न निकालात काढू, कारण तो सोपा आहे आणि तुम्हाला तो पुढची दहा वर्षे प्रत्येक लग्नकार्यात ऐकावा लागणार आहे. काम पक्षकाराला फुकट असते, वकिलाला नसते. फर्म तुम्हाला मोबदला देतच राहील. मी बंगळुरूत हे काम पत्करले तेव्हा आमच्या आईची दोन वर्षे अशी समजूत होती की मुलगा साठवलेल्या पैशांवर दिवस काढतो आहे, आणि ती दर महिन्याला ओळखीच्या बसचालकाकडून तांदूळ पाठवत असे. तांदूळ चांगला असल्यामुळे मीही तिचा गैरसमज दूर करण्याची फारशी घाई केली नाही.

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मोठ्या फर्ममध्ये माणसाची किंमत त्याच्या नावावर किती तासांचे बिल निघते यावर ठरते, आणि तुमच्या नावावर बिलच निघणार नसेल तर वर्षाअखेरच्या बैठकीत तुमची बाजू कोण मांडणार, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे या कामाला कायद्याचा रेटाही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४६ वा नियम सांगतो की, ज्याला वकिलाची खरी गरज आहे त्याला पैसे नसले तरी साहाय्य मिळाले पाहिजे आणि वकिलाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत असे साहाय्य देणे हे त्याच्या समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. पण वर्षाला किती तास, हे तो नियम सांगत नाही. अमेरिकेतल्या वकिलांच्या संघटनेच्या आदर्श नियमांत वर्षाला किमान ५० तासांचे उद्दिष्ट आहे, आणि १९९३ पासून तिथल्या मोठ्या फर्म आपल्या बिलाच्या तासांच्या ३ किंवा ५ टक्के एवढे काम विनामोबदला करण्याचे लेखी वचन देत आल्या आहेत. त्यामुळे या विभागाचे प्रमुखपद तिथे रुळलेले आहे. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातले सामाजिक दायित्वाचे, म्हणजे नफ्यातला काही वाटा समाजकार्यावर खर्च करण्याचे, कलम कंपन्यांना लागू होते. भागीदारी संस्था किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असलेल्या लॉ फर्मला ते लागू होत नाही. थोडक्यात, तुमचा विभाग पार्टनरांच्या मर्जीवर उभा राहणार आहे, आणि मर्जी पालटायला एक मंदीचे वर्ष पुरते. म्हणून होकार देण्यापूर्वी एकच गोष्ट पदरात पाडून घ्या : विनामोबदला कामाचे तास टाइमशीटवर इतर तासांच्या बरोबरीने धरले जातील, आणि बढती व बोनस ठरवताना ते मोजले जातील, हे लेखी हवे.

हे मी इतके अडून का सांगतो, ते माझ्याच एका फाइलीवरून सांगतो. खानापूरकडच्या एका विधवा बाईंचा जमिनीच्या हिश्शाचा दावा होता. खालच्या दोन्ही न्यायालयांत निकाल विरुद्ध गेला होता आणि उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात दुसरे अपील दाखल करायचे होते. मुदत ९० दिवसांची. मी ते काम एका हुशार आणि मनापासून काम करणाऱ्या तरुण असोसिएटकडे दिले. आमच्या फर्ममध्ये तेव्हा असे तास मोजले जात नसत. ज्याला करायचे असेल त्याने रात्री करावे, असा अलिखित रिवाज होता. त्या मुलीच्या टेबलावर लाल फितीने बांधलेली ती फाइल मी येता-जाता पाहत होतो. पहिल्या आठवड्यात ती वरती होती; मग तिच्यावर एका बँकेची फाइल आली, मग एका बांधकाम कंपनीची, आणि महिनाभराने त्या गठ्ठ्यातून फक्त लाल फितीचे टोक बाहेर दिसू लागले. मी रोज ते टोक पाहत होतो आणि ‘होईल, तिच्या लक्षात आहे’ असे स्वतःला सांगत होतो. मुदत उलटून तेवीस दिवस झाल्यावर अपील दाखल झाले. सोबत विलंब माफीचा अर्ज. त्या अर्जाचे प्रतिज्ञापत्र रिवाजाप्रमाणे पक्षकाराच्या नावाने तयार झाले, आणि त्यात बाईंची प्रकृती बरी नसल्यामुळे उशीर झाला, असे वाक्य कोणीतरी सवयीने घातले. बाई खडखडीत होत्या. मुदतीच्या आत कागद घेऊन दोनदा खानापुराहून बंगळुरूला येऊन गेल्या होत्या, रात्रीच्या बसने, उभ्याने. ते वाक्य मी खोडले आणि चूक वकिलाची आहे, असे माझे स्वतःचे प्रतिज्ञापत्र लावले. पार्टनर चिडले. न्यायालयाने विलंब माफ केला, खर्च लावला, आणि तो फर्मने भरला. त्यानंतरच्या वर्षी तास मोजणे सुरू झाले. त्या असोसिएटला मी कधी दोष दिला नाही. तिला फर्म ज्या कामाचा हिशेब विचारत होती, ते काम तिने वेळेत केले होते.

तेव्हा या पदाला सहृदय माणूस लागतो असे जे बोलले जाते, ते अर्धेच खरे मानावे. दिवसाचा मोठा भाग नकार देण्यात जातो. स्वयंसेवी संस्थांकडून, महिला संघटनांकडून, कधी थेट पत्राने पन्नास प्रकरणे येतात आणि तुमच्याकडे पाच नीट चालवण्याएवढे हात असतात. बाकीच्या पंचेचाळीस जणांना ‘बघू’ म्हणून ताटकळत ठेवणे हे नकारापेक्षा वाईट, कारण त्यांची मुदत तिकडे सरत असते. नकार आठवड्याच्या आत, लेखी आणि पुढे कुठे जायचे ते सांगून द्यावा.

दुसरा भाग हितसंबंधांच्या संघर्षाचा. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. साखर कारखान्याने उसाचा दर १४ दिवसांच्या आत चुकता केला पाहिजे, नाहीतर त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागते, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. अथणी-चिकोडीकडचे शेतकरी थकलेल्या बिलासाठी तुमच्याकडे आले, प्रकरण कागदोपत्री भक्कम आहे, तुमचे तरुण वकील उत्साहात आहेत, आणि संगणकावर नाव तपासल्यावर कळते की त्या कारखान्याला कर्ज देणारी बँक तुमच्या फर्मची जुनी पक्षकार आहे. मग प्रकरण सोडावे लागते, किंवा निदान दोन्हीकडची लेखी संमती मिळेपर्यंत हात लावता येत नाही. अशा वेळी धारवाड आणि बेळगावच्या बारमधल्या ज्या भरवशाच्या वकिलांकडे प्रकरण सोपवता येईल, त्यांची यादी तुमच्या खणात तयार असली पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत दुसरे काही झाले नाही तरी चालेल, ही यादी मात्र करा.

खर्चाचेही आधीच ठरवून घ्या. फी नाही म्हटले तरी प्रमाणित नकला, टंकलेखन, कागदपत्रांचा अनुवाद, पक्षकाराचे येणे-जाणे हे फुकट होत नाही, आणि पाचशे रुपयांच्या व्हाउचरसाठी हिशेब विभागाच्या दारात उभे राहण्यात विभागप्रमुखाची निम्मी शक्ती जाते.

सनदेबद्दल, म्हणजे वकिलीच्या परवान्याबद्दल, एक सावधगिरी. बार कौन्सिलच्या ४९ व्या नियमाप्रमाणे वकिलाला प्रॅक्टिस चालू असताना कोणाचीही पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. फर्ममधले वकील सहसा व्यावसायिक मोबदल्यावर असतात, म्हणून त्यांची सनद चालू राहते. या नव्या पदाचे नेमणूकपत्र मनुष्यबळ विभागाने ‘व्यवस्थापक’ म्हणून पगारी नोकरीच्या नमुन्यात काढले, तर तुम्हाला वकीलपत्रावर सही करता येणार नाही, आणि विभागाची प्रमुख असूनही न्यायाधीशांसमोर उभे राहण्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागेल. नेमणूकपत्र सही करण्यापूर्वी शब्दन्‌शब्द वाचा. वर्षाला निदान दोन प्रकरणे स्वतः चालवा. हात राहिला तर पुढे विभाग बंद झाला तरी वकील म्हणून तुमचे काही अडणार नाही, आणि पार्टनरपणाच्या बैठकीतही तुमच्याबद्दल बोलायला कोणाकडे तरी काही असेल. माझ्यापुरते सांगायचे तर मी पार्टनर झालो नाही. त्याची रुखरुख काही वर्षे होती, हे लपवत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला विचाराल तर फर्मने तुम्हालाच का विचारले याचे उत्तरही त्यातच असावे. तुम्हाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतले कागद वाचता येतात. सीमाभागातल्या जमिनीच्या दाव्यात यापेक्षा मोठे भांडवल नाही. १९५६ पूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता. अनेक घरांच्या पेटीतले खरेदीखत, वाटणीपत्र, पावत्या मराठीत आहेत, काही मोडीत आहेत, आणि आजची पहाणी, म्हणजे सातबारासारखा जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये आहे. बंगळुरूतल्या निष्णात वकिलाच्या टेबलावर अशी फाइल गेली की तिचा अर्धा भाग त्याच्यासाठी मुका असतो.

साक्षीतला घोटाळा तर मी डोळ्यांनी पाहिला आहे. वर सांगितलेल्या बाईंना उलटतपासणीत विचारले, जमीन कोणाकडे आहे? बाई म्हणाल्या, ‘‘जमीन दीर बघतात.’’ खानापुरात याचा अर्थ लहान मुलालाही कळतो : वहिनीला एकटीला जमत नाही म्हणून दीर नांगरट-पेरणीकडे लक्ष देतात आणि हिश्शाचे भात घरी आणून टाकतात. नोंद इंग्रजीत झाली, आणि तिचा अर्थ असा झाला की, दिराचा जमिनीवर ताबा आहे हे वादीने कबूल केले. साक्ष वाचून दाखवली तेव्हा बाईंनी मान हलवली. इंग्रजी वाक्यावर त्या दुसरे काय करणार होत्या? दोन न्यायालयांतला निकाल पुष्कळसा त्या एका ‘बघतात’वर उभा होता. बाईंच्या वकिलाने तिथल्या तिथे उठून ‘मूळ मराठी शब्द नोंदवून घ्यावेत’ अशी विनंती केली असती, तर ते अपील कदाचित लागलेच नसते. तुमच्या विभागातल्या बंगळुरूच्या मुलांना हे शिकवायला तुमच्याशिवाय कोण आहे?

खानापूरच्या जंगलपट्ट्यातले वनहक्काचे दावे हे दुसरे क्षेत्र. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीत नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. हिशेब केला तर आपण १९३० च्या सुमाराला जाऊन पोचतो, आणि त्या काळचा पुरावा पुन्हा जुन्या मराठी कागदांत किंवा गावातल्या वयोवृद्धांच्या जबाबात सापडतो. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस मिळतात. एकट्या माणसाला ते पुरत नाहीत. मोठ्या फर्मच्या चार मुलांनी एका पावसाळ्यात एका गावाचे सगळे दावे एकत्र बांधून दिले, तर पुरतात. धारवाडला २००८ मध्ये फिरते खंडपीठ आणि २०१३ मध्ये कायम खंडपीठ झाल्यामुळे आपल्या माणसाचा बंगळुरूपर्यंतचा सुमारे ५०० किलोमीटरचा हेलपाटा वाचला. तरीही तुमच्या फर्मची शाखा धारवाडला नसेल, तर महिन्यातले चार दिवस तिथे आणि खानापुरात बसण्याची मुभा मागून घ्या. ही मागणी ते मान्य करतील. तासांची मागणी मान्य करताना मात्र थोडे घासाघीस करतील, तिथे सोडू नका. ती मान्य झाली तर काम स्वीकारा. नाही झाली तर आहात तिथे राहून वर्षाला दोन प्रकरणे विनामोबदला चालवा, ते अधिक प्रामाणिक होईल.

प्रश्न : माझ्या आईने निपाणीत तीस वर्षे घरी विड्या वळल्या. आता भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मिळण्यात नावातल्या फरकामुळे अडचण येत आहे. मोठ्या फर्म गरिबांची कामे फुकट करतात असे वाचले. त्यांच्याकडे थेट अर्ज कसा करावा?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : थेट अर्ज करू नका, तुमच्या कामाला मोठ्या फर्मची गरज नाही, आणि तिथे उत्तर यायलाच महिना लागेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा असून तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे, आणि त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आईंना घेऊन तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात जा. ते तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच असते. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

घरी बसून विड्या वळणाऱ्या कामगारांनाही हा निधी लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केले आहे, तेव्हा हक्काबद्दल वाद नाही. नावाचा घोळ मात्र निपाणीत घरोघरी आहे. माझ्यासमोर आलेल्या एका बाईंचे नाव माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मी, कारखान्याच्या मराठी वहीत लक्ष्मीबाई, कन्नड रेशनकार्डावर लक्ष्मव्वा आणि आधारवर इंग्रजीत आणखी वेगळेच होते. चारही बाई त्याच, हे सिद्ध करण्यात आठ महिने गेले. तुमच्या आईंच्या बाबतीत कामगार आणि मालक या दोघांच्या सहीचे संयुक्त घोषणापत्र भरून निधी कार्यालयात द्यावे लागेल. मालक सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर विधी सेवा समितीच्या वकिलाकडून त्याला नोटीस पाठवा. वळलेल्या विड्यांची जुनी छोटी वही घरात असेल तर ती जपून ठेवा आणि मूळ प्रत कोणालाही देऊ नका, छायाप्रतच द्या.

प्रश्न : मी बेळगावात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे असे विनामोबदला काम करण्याची इच्छा आहे. आतापासून काय करावे?
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : तुमच्या कॉलेजच्या विधी सेवा केंद्रात नाव घाला, आणि नाव घालून थांबू नका, महिन्यातून दोनदा हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात जाणाऱ्या वकिलांबरोबर जाता येते का ते विचारा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला कच्चा कैदी, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि त्याच्यावर दुसरे प्रकरण प्रलंबित नसेल तर, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिल्यावर सुटण्यास पात्र ठरतो. कोणाचा किती काळ झाला, याचा तक्ता करण्याचे काम तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी उत्तम करू शकतो, आणि त्यातून जामीन अर्ज कसा लिहितात हे आपोआप शिकता येते.

घरी मराठी बोलत असाल तर न्यायालयातले कन्नड पक्के करा, घरी कन्नड बोलत असाल तर मराठी. सुट्टीत मोडीचा एखादा वर्ग लावा. लिपी पंधरा दिवसांत लागते; हात बसायला मात्र वर्ष जाते, म्हणून या दिवाळीच्या सुट्टीतच सुरुवात करा.